जुन्या मोटारीतील नवा दिवा

दिवेलागणीच्या वेळी घरोघर बटणे दाबली जातात आणि क्षणार्धात पांढरा स्वच्छ प्रकाश पसरतो. हा प्रकाश आता बहुतेक ठिकाणी एलईडी दिव्याचा असतो. काचेच्या फुग्यातील तार तापून जो पिवळसर तांबूस उजेड देत असे, तो जुना बल्ब घरांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. सन २०१५ मध्ये केंद्र सरकारने उजाला योजनेखाली स्वस्त एलईडी दिवे वाटावयास प्रारंभ केला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हे स्थित्यंतर खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. तथापि एका ठिकाणी तो जुना बल्ब अद्याप तग धरून आहे. ते ठिकाण म्हणजे जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड. तेथील बल्ब काढून त्याच्या जागी एलईडी बसवावा काय, बसवावा तर कसा, आणि तो बसविताना कोणत्या गोष्टीचे विस्मरण होऊ देऊ नये, याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु रात्री जंगलातल्या रस्त्यावर ज्यास मोटार हाकावी लागते, त्याच्या दृष्टीने तो तितका लहान राहत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील गडचांदूर हे गाव सिमेंटच्या कारखान्यामुळे सर्वांस परिचित आहे. भोवती चुनखडीच्या खाणी आहेत. एका अंगास माणिकगडचे डोंगर व जंगल असून त्या डोंगरांतून घाट चढून जिवतीस रस्ता जातो. दुसऱ्या अंगास राजुऱ्यावरून वर्धा नदी ओलांडली म्हणजे बल्लारपूर आणि चंद्रपूर लागते. दिवसा या रस्त्यांवर सिमेंटचे व कोळशाचे ट्रक धावतात आणि रात्री त्यांच्याच जोडीस रानडुकरे, चितळे व रोही आडवे येतात. गाव मागे पडले की रस्त्यावर दिवा नाही. चालकास जे काही दिसावयाचे ते त्याच्या स्वतःच्या गाडीच्या उजेडातच.

या गावात एक घर आहे अशी कल्पना श्रोत्यांनी करावी. घरधनी कारखान्यातील नोकरीतून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढे. अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली त्यांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली फिकट निळ्या रंगाची पद्मिनी मोटार उभी आहे. असे गृहस्थ गडचांदुरास असोत वा नसोत, त्यांची अडचण मात्र महाराष्ट्रातील पुष्कळ घरांची आहे.

पद्मिनीची हकीकत थोडक्यात सांगावयास हवी. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईस कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तेथे मोटारी होऊ लागल्या. फियाट अकराशे डिलाइट या नावाने १९६४ च्या सुमारास निघालेली गाडी पुढे १९७०च्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे आणि तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबास जोडलेला असे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण कित्येक वर्षे टिकले. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या घरोघरच्या, वडिलार्जित दागिन्याप्रमाणे जपलेल्या अशाच होत.

अशा गाडीचा डॅशबोर्ड रात्री पाहिला म्हणजे प्रथम निराशाच होते. वेगाचा काटा अंधुक, पेट्रोलचा काटा त्याहून अंधुक, आणि एखादा कोपरा तर अगदीच काळोखात. ज्यास दूरचे व जवळचे पाहण्यास एकाच चष्म्याचे दोन भाग लागतात, त्यास मोटारीचा वेग किती हे समजावयास डॅशबोर्डपाशी वाकावे लागते. आणि तेवढ्या वेळात गाडी पन्नास-साठ हात पुढे गेलेली असते. ही अडचण काल्पनिक नव्हे.

घरधन्यांची मुलगी नागपुरास असते. दिवाळीस येताना तिने वडिलांकरिता लहान एलईडी दिव्यांची एक पुडी आणली. त्यांच्या गाडीतील दिवे चपट्या काचेच्या बुडाचे, होल्डरमध्ये नुसते खुपसून बसविण्याचे होते, आणि पुडीतील दिवेही त्याच घडणीचे होते. बापलेकींनी दुपारी बसून डॅशबोर्डमागील सर्व बल्ब काढले आणि त्यांच्या जागी हे नवे दिवे बसविले. सायंकाळी दिवे लावून पाहिले तो डॅशबोर्ड एखाद्या दुकानाच्या पाटीसारखा निळसर पांढऱ्या तेजाने झळकू लागला. घरातील सर्व मंडळी पाहावयास आली. “आता कशी नवी दिसते बघा,” असे गृहस्थ समाधानाने म्हणाले. एक गोष्ट तेवढी कोणाच्या ध्यानात आली नाही. किल्ली फिरविताच बॅटरीच्या खुणेचा जो तांबडा दिवा नेहमी लागत असे, तो त्या दिवशी लागलाच नव्हता.

आठवड्याभराने घरची मंडळी एका लग्नास जिवतीस गेली. मधल्या दिवसांत गाडी गावात थोडीबहुत फिरली होती. लग्नाहून परत निघावयास रात्रीचे दहा वाजले. घाटात प्रथम एवढेच जाणवले की समोरच्या काचेवर डॅशबोर्डचे पांढरे प्रतिबिंब पडते आहे आणि पलीकडचा रस्ता त्यातून पुसट दिसतो आहे. “समोरचं नीट दिसतंय ना हो?” पत्नीने विचारले. “मीटर अगदी स्वच्छ दिसतंय,” असे उत्तर मिळाले. प्रश्न रस्त्याचा होता आणि उत्तर मीटरचे होते, हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आले नाही. पुढे हेडलाइटचा उजेड हळूहळू तांबूस होऊ लागला. एका वळणावर रोह्यांची जोडी रस्त्यात उभी होती. ती फार जवळ आल्यावर दिसली. ब्रेक कचकन लागला, इंजिन बंद पडले, आणि किल्ली फिरविली तेव्हा स्टार्टरने नुसता ‘टक्’ असा आवाज केला. बॅटरी रिकामी झाली होती. घाटातील वळण, मिट्ट काळोख, मागून केव्हाही ट्रक येण्याची भीती, आणि गाडीस दाखविण्यापुरताही दिवा नाही, अशा स्थितीत त्या कुटुंबाने पाऊण तास काढला. सुदैवाने एका टेम्पोवाल्याने गाडी थांबविली, आपला मागील दिवा त्यांच्या गाडीकडे करून तो उभा राहिला, आणि दोर बांधून त्याने ती गावापर्यंत ओढत आणली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. बॅटरी नवी होती. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज निर्माण करणारे यंत्र, तेही शाबूत होते. मिस्त्रीने किल्ली अर्धी फिरविली, डॅशबोर्डकडे पाहिले आणि विचारले, “काकाजी, बॅटरीचा लाल दिवा कुठं गेला?” गृहस्थ म्हणाले, “तो लागत नाही, म्हणजे सारे ठीक आहे असे मी समजलो.” मिस्त्री हसला. “इंजिन चालू झाल्यावर नाही लागला तं ठीक. पन इंजिन बंद असताना तो लागलाच पाहिजे. गाडी तं सांगत होती काकाजी, आपनच आयकलं नाही.”

त्याने तो एक दिवा होल्डरमधून उपसून, अर्धा फेरा फिरवून, उलट बाजूने खुपसला. तांबडा दिवा लागला. परंतु इंजिन चालू केल्यावरही तो विझेना. गाडी मंद चालीवर असताना अल्टरनेटर अद्याप वीज देत नव्हता. तेव्हा त्याने तो नवा दिवा काढून टाकला आणि पेटीत पडलेला जुना बल्ब पुन्हा बसविला. इंजिन सुरू होताच तांबडा दिवा विझला आणि बॅटरी भरू लागली. दोन रुपयांच्या जुन्या बल्बाने जे केले ते नव्या तेजस्वी दिव्यास का करता आले नाही, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

त्याकरिता या दोन दिव्यांतील भेद समजून घ्यावयास हवा. एडिसनने १८७९ साली व्यवहारात उपयोगी पडेल असा तारेचा दिवा सिद्ध केला. त्याचे तत्त्व साधे आहे: बारीक तारेतून वीज नेली की ती तापते, आणि तापून पांढरी झाली की प्रकाश देते. वीज या टोकाने आत जावो वा त्या टोकाने, तारेस त्याचे सुखदुःख नाही. मात्र पुरवलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच खर्च होतो. एलईडीमध्ये तापणारी तार नाही. त्यात अर्धवाहक पदार्थाचा एक सूक्ष्म स्फटिक असतो आणि त्यातून वीज वाहताना तो स्फटिकच प्रकाश देतो. या घटनेचे पहिले निरीक्षण रेडिओच्याच क्षेत्रात झाले, ही गोष्ट श्रोत्यांस मौजेची वाटेल. मार्कोनीच्या कंपनीतील हेन्री राउंड हा अभियंता स्फटिकांवर प्रयोग करीत असता १९०७ साली त्यास कार्बोरंडमच्या तुकड्यातून अंधुक प्रकाश निघताना दिसला. पुढे १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक याने डोळ्यांस दिसणारा तांबडा एलईडी तयार केला. निळा एलईडी साधणे त्याहून अवघड ठरले. ते कार्य अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकाच्या आरंभापर्यंत तडीस नेले आणि त्याबद्दल २०१४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या स्फटिकावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की एकूण प्रकाश पांढरा दिसतो. घरातील व मोटारीतील बहुतेक पांढरे एलईडी असेच असतात.

या नव्या दिव्याचे तीन गुणधर्म डॅशबोर्डच्या कामी लक्षात ठेवावे लागतात. पहिला हा की त्यातून वीज एकाच दिशेने वाहते. दुसरा हा की त्यास वीज फार थोडी लागते. डॅशबोर्डचा जुना बल्ब सुमारे दोन वॅटचा असे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो साधारण अठरा शतांश अँपिअर प्रवाह घेई. एलईडी त्याच्या नवव्या-दहाव्या हिश्श्यात भागवतो. तिसरा हा की तो प्रकाश बहुधा समोर फेकतो; जुन्या बल्बाप्रमाणे चोहोकडे पसरत नाही.

आता घाटातील घटनेचा उलगडा सहज होतो. डॅशबोर्डवरील सर्व दिवे एकाच कामाचे नसतात. काही दिवे केवळ मीटर उजळण्याकरिता असतात. काही सूचना देण्याकरिता असतात: तेलाचा दाब कमी झाला, पेट्रोल संपत आले, वळण्याची खूण चालू आहे, हेडलाइटचा लांब पल्ला लागला आहे. परंतु ज्या गाडीत अल्टरनेटर आहे तिच्यात बॅटरीच्या खुणेचा तांबडा दिवा पुष्कळदा याहून वेगळे, असे एक तिसरे कामही करतो. अल्टरनेटरला वीज निर्माण करण्यासाठी आपल्या आतील चुंबक जागे करावे लागते, आणि त्याकरिता लागणारा पहिला थोडासा प्रवाह बॅटरीतून त्या तांबड्या बल्बाच्या वाटेने त्याच्याकडे जातो. म्हणजे तो बल्ब दिवाही आहे आणि वाटही आहे. एलईडी उलटा बसला की ही वाट पूर्णपणे बंद होते. सुलटा बसला तरी ती इतकी अरुंद होते की चुंबक जागे होण्यास प्रवाह पुरत नाही. मग गाडी केवळ बॅटरीच्या शिलकीवर चालते. हेडलाइटचे दोन बल्ब, मागील दिवे आणि इग्निशन कॉइल मिळून बारा-तेरा अँपिअर सहज खर्च होतात. अशा खर्चास जुन्या गाडीची बॅटरी किती वेळ पुरणार? आणि दिवा उलटा असल्यामुळे ही दिवाळखोरी कळविणारा तांबडा डोळाही मिटलेलाच राहतो.

जुन्या पद्धतीच्या डायनॅमोच्या गाड्यांत ही अडचण बहुधा येत नाही. डायनॅमोच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहिलेले असते आणि तो स्वतःच्या बळावर जागा होतो. तथापि तेथेही त्या दिव्याची दोन्ही टोके तारांस जोडलेली असतात, एकही टोक सरळ बॉडीस जात नाही. म्हणून उलटसुलट बाजूचा विचार तेथेही चुकत नाही.

ज्यास या तांबड्या दिव्याच्या जागी एलईडीच हवा असेल त्याने त्याच्या समांतर एक रोधक जोडावा. सुमारे ६८ ओहमचा, पाच वॅट सोसणारा रोधक बारा व्होल्टवर साधारण जुन्या बल्बाइतकाच प्रवाह जाऊ देतो. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू राहिली तर तो चांगलाच तापतो, म्हणून प्लास्टिकपासून व तारांच्या जुडग्यापासून दूर बसवावा. परंतु सरळ मार्ग हाच की हा एक बल्ब जुन्याच जातीचा ठेवावा. रंगीत काचेमागे तो कोणास दिसतही नाही.

इतर दिव्यांसंबंधीही थोडे तारतम्य पाहिजे. वळण्याची खूण दाखविणारा डॅशबोर्डवरील दिवा काही जुन्या गाड्यांत डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच असतो. त्यातून प्रवाह एकदा या दिशेने व एकदा त्या दिशेने वाहतो. तेथे साधा एलईडी बसविला तर तो एकाच बाजूच्या वळणास लागेल. अशा जागी दोन्ही दिशांनी पेटणारा एलईडी घ्यावा, किंवा जुना बल्ब राहू द्यावा. इंग्रजी बनावटीच्या कित्येक जुन्या मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीस जोडलेले असते, आणि विलीज जीपसारख्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीच सहा व्होल्टची असते. तेथे बारा व्होल्टचा, एकाच दिशेने पेटणारा दिवा आणून उपयोग नाही. खरेदीपूर्वी एक जुना बल्ब काढून तो हातात घेऊनच दुकानात जावे. काहींचे बूड आट्यांचे, काहींचे दोन खुंट्यांचे, तर काहींचे चपट्या काचेचे असते. त्यांतही लहानमोठे प्रकार आहेत.

रंगाची गोष्ट अशीच आहे. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्याचा वाटा मोठा आणि तांबड्याचा वाटा थोडा असतो. म्हणून तांबड्या काचेमागे तो बसविला तर सूचना फिकी, गुलाबी पडते. तांबड्या काचेमागे तांबडाच एलईडी घालावा, हिरव्यामागे हिरवा. मीटरच्या मागे पूर्वीचे सौम्य रूप हवे असेल तर ज्यास दुकानदार ‘वॉर्म व्हाइट’ म्हणतात तो पिवळसर प्रकाशाचा दिवा घ्यावा. मीटरच्या जुन्या डब्या आतून पांढऱ्या रंगविलेल्या असतात. चोहोकडे पसरलेला प्रकाश त्या पांढऱ्या भिंतींवरून परतून अंकांवर पडावा, अशी त्यांची रचना असते. समोरच प्रकाश फेकणारा एलईडी तेथे एक झगझगीत ठिपका आणि भोवती काळोख निर्माण करतो. ज्याच्या बाजूंनाही स्फटिक बसविलेले आहेत असा दिवा या कामास योग्य होय.

काही गाड्यांत डॅशबोर्डचा उजेड कमीजास्त करण्याची कळ असते. तिच्यात तारेचा एक रोधक असतो आणि तो जुन्या बल्बांच्या प्रवाहाच्या मानाने योजलेला असतो. एलईडी इतका थोडा प्रवाह घेतात की ती कळ फिरवूनही उजेड फारसा कमी होत नाही. म्हणून आरंभीच मंद प्रकाशाचे दिवे निवडावेत.

मंद प्रकाशाचा हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. अंधारात गेल्यावर डोळा हळूहळू अंधारास सरावतो. पुरता सरावण्यास त्यास वीस-तीस मिनिटे लागतात. डोळ्यांसमोर झगझगीत प्रकाश आला की ही कमाई क्षणात नाहीशी होते. वय वाढले म्हणजे डोळ्यातील भिंग पूर्वीइतके निर्मळ राहत नाही, बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही, आणि निळसर प्रकाश आतल्या आत अधिक विखुरतो. म्हणजे ज्या वृद्ध चालकास मीटर दिसत नाही म्हणून तेजस्वी दिवा बसविला, त्याचीच दृष्टी त्या तेजाने अधिक बिघडते. डॅशबोर्डचा दिवा काटा दिसण्यापुरताच असावा. एका दृष्टिक्षेपात आकडा समजला आणि नजर रस्त्याकडे परतली, एवढे त्याचे काम आहे. परीक्षा घरच्या अंगणात घेऊ नये, कारण तेथे गावाचे दिवे असतात. गावाबाहेर निर्धोक जागी, रस्ता सोडून गाडी उभी करावी, काही वेळ अंधारात बसावे, आणि मग समोरच्या काचेवर डॅशबोर्डचे प्रतिबिंब पडते किंवा काय ते पाहावे. पडत असेल तर दिवा अधिक तेजस्वी आहे.

येथे एक साधा प्रश्न उरतो. ज्या वेळी गाडी नवी होती त्या वेळी हे जुने बल्बच पुरेसे होते ना? मग आताच ते अंधुक का झाले? याचे उत्तर बल्बात थोडे आणि भोवतालच्या जुनेपणात अधिक आहे. काचेच्या आतून काळा थर चढलेला असतो, डबीच्या पांढऱ्या रंगावर धूळ बसलेली असते, होल्डर व बॉडी यांच्यामध्ये गंज आलेला असतो, आणि त्या गंजात विजेचा काही अंश वाया जातो. गडचांदुरासारख्या गावात सिमेंटच्या धुळीची त्यात भर पडते. म्हणून नवा दिवा आणण्यापूर्वी प्रथम सफाई करावी. बॅटरीची बॉडीस जोडलेली तार सोडून ठेवावी, नंतरच डॅशबोर्डमागे हात घालावा. होल्डर कोरड्या कापडाने व बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने स्वच्छ करावेत, डबीतील धूळ मऊ कुंचल्याने काढावी, काळवंडलेले बल्ब त्याच मापाच्या नव्या बल्बांनी बदलावेत. मीटरच्या पांढऱ्या रंगावर पाणी वा पेट्रोल लावू नये. आकडे पुसले तर परत मिळत नाहीत. एवढे केल्यावर पुष्कळ ठिकाणी एलईडीची गरजच उरत नाही.

तरीही एलईडीचा एक खरा लाभ आहे आणि तो नाकारता येत नाही. तो फार थोडी उष्णता देतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या प्लास्टिकच्या टोप्या आणि झाकणे जुन्या बल्बाच्या सततच्या उष्णतेने ठिसूळ व पिवळी होतात. नव्या दिव्याने त्यांचे आयुष्य वाढते. शिवाय तापणारी तार नसल्यामुळे घाटातील खडखडाटाने तो सहसा जळत नाही. म्हणून मीटर उजळणाऱ्या दिव्यांच्या ठिकाणी सौम्य एलईडी बसविणे हे शहाणपणाचे आहे. सूचनेच्या दिव्यांच्या ठिकाणी रंग व दिशा पाहून बसविणे योग्य आहे. आणि बॅटरीच्या तांबड्या दिव्याच्या ठिकाणी जुना बल्ब राहू देणे हितावह आहे. दिवे एकदम सर्व न बदलता एकेक बदलावा, आणि प्रत्येक बदलानंतर किल्ली फिरवून व इंजिन चालवून पाहावे. कोणतीही मूळ तार तोडू नये, आणि काढलेले बल्ब चिठ्ठी लावून डबीत ठेवावेत. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करण्याचे नियम २०२१ साली झाले. त्यांत मूळ सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. बल्बाची अदलाबदल त्या अटीत येत नाही. परंतु उद्या ज्याच्या हाती ती गाडी जाईल त्यास तिचे मूळ रूप परत आणता यावे, हे आपले कर्तव्य म्हणून पाळावे.

गडचांदूरच्या त्या घरी शेवटी असेच झाले अशी कल्पना करावयास हरकत नाही. मुलगी पुन्हा आली तेव्हा बापलेकींनी मीटरच्या डब्या स्वच्छ केल्या आणि त्यांत पिवळसर मंद एलईडी घातले. समोरच्या काचेवर आता प्रतिबिंब पडत नाही. तांबड्या खुणेमागे जुना बल्ब आहे. गृहस्थांनी स्वतःस एक नवी सवय लावून घेतली आहे: किल्ली अर्धी फिरवून थांबावयाचे, तांबडा दिवा व तेलाचा दिवा दोन्ही लागलेले पाहावयाचे, मग इंजिन सुरू करून ते दोन्ही विझलेले पाहावयाचे, आणि नंतरच गाडी अंगणाबाहेर काढावयाची. या सर्वास चार-पाच क्षणांहून अधिक वेळ लागत नाही. जिवतीच्या घाटात पुढल्या वेळी त्यांची पत्नी जेव्हा विचारते, “समोरचं दिसतंय ना हो?” तेव्हा ते प्रथम रस्त्याकडे पाहतात आणि मग उत्तर देतात.